एकोणीस किलोमीटर

रात्रीचे अकरा बावन्न. अक्कलकोट रोड एमआयडीसी.
माग थांबलेत. शेजारच्या सायझिंगचा बॉयलर तेवढा
झोपेत कूस बदलल्यासारखा मधूनच हुंकारतो.
माझ्यापुढे पडद्यावर सतरा गाड्या,
प्रत्येकीची एकच रेघ :
चालली की हिरवी, थांबली की पिवळी,
आठ तासांच्या पुढे लाल.

मैबूब नदाफची लाल व्हायला चार मिनिटं.

"झहीराबादला दोन तास जाम हुता मॅडम,
पयल्या गेरवर नुस्तं सरकत हुतो.
ते पण डब्यानं चालवण्यातच धरलंय की."
धरलंय. डब्याला जाम कळत नाही,
चाक फिरलं म्हणजे फिरलं.
"बोरामणी आलं बगा. एकोणीस किलोमीटर.
हितनं गावाचा उजेड दिसतोय आभाळाला चिकटलेला.
बिल्किस जागी आहे. सोडा की मॅडम."

दुसऱ्या फोनवर चिट्याल शेठ.
सकाळच्या पाळीला सूत पाहिजे,
पन्नास माणसं हात बांधून बसतील.
"दुरुस्तीचा खाना असतोय ना? तिथं जाम लिही,
दोन तास उडव.
खोटं थोडंच आहे ते?"

खोटं नाही.
त्या खान्यात रेषा उघडमीट करते आहे
आणि दोन तास उडवायला
मला दोन बोटंसुद्धा लागणार नाहीत.

बाबांच्या दोन वह्या होत्या.
तपासणीची निळ्या पुठ्ठ्याची, तिच्यात अक्षर
शाळेत कधी निघालं नसेल इतकं गोल,
तासांच्या रेघा पट्टीनं ओढलेल्या.
दुसरी म्हणजे विडीच्या बंडलांचे कागद, रबर लावून,
कुठं किती जागलो ते पेन्सिलीनं.
निळी वही पोलिसांनी परत दिली.
शेवटची ओळ : नळदुर्ग, दोन ते सहा, विश्रांती.
पंचनाम्यात वेळ तीन चाळीस.
विश्रांती आगाऊ लिहून ठेवायची
सवय होती त्यांना.

शेठना म्हटलं, सिस्टीम घेत नाहीये.
हे मात्र खोटं होतं.
सिस्टीम काहीही घेते.

"मैबूब, ढाब्याच्या पुढे लाव साइडला."
तो काही बोलला नाही. मग कानडीत काहीतरी बोलला,
ते मला उद्देशून होतं एवढं कळलं.
अकरा छप्पन्नला रेघ पिवळी झाली.

पिवळ्या रेघेत झोप आहे का, डब्याला दिसत नाही.
तो केबिनमध्ये डास मारत बसला असेल,
स्टिअरिंगवर पाय टाकून
त्या उजेडाकडे बघत,
माझा, डब्याचा आणि तो बसवणाऱ्याचा
उद्धार करत.
सुताच्या गाठी मागे गप.
आठ तासांनंतर एक मिनिट जास्त झालं
तर माणूस मरतो असं नाही.
सात तासांतही मरतो.
हे मला कोणी विचारलं असतं
तर मला उत्तर देता आलं नसतं.

साडेबाराला फोन.
"मॅडम, बिल्किस आली. तिच्या भावाच्या रिक्षातनं.
कडक भाकरी, शेंगाचटणी, आमटी थंड झाली.
तुमाला शिव्या देत्येय.
देऊ का फोन?"
दे म्हटलं.
ती लगेच काही बोलली नाही.
मागून हायवेचा आवाज, एक एक गाडी जात होती,
कोणाच्या रेघा कोण बघत असेल.
मग म्हणाली,
"सहाला उठवते त्याला. आमी हितंच आहोत.
तुमी जेवलात का?"

माझी पाळी दहाला संपली होती.
खुर्चीला डबा लावलेला नाही.